चौदा नंबरची डावी बाजू

१

"हिला? हिला मी पुरलीये, मॅडम."

होडीवाला माझ्या खुर्चीमागे उभा होता. भरतीच्या वेळांचा कागद द्यायला आला होता, तो टेबलावर ठेवायचं विसरून संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिला होता. पडद्यावर एक डॉल्फिन होती. राखाडी पाठ, पाण्याबाहेर आलेला पर, पराच्या मागच्या कडेला दोन खोल खाचा, आणि पराच्या खाली अंगावर तीन तिरक्या पांढऱ्या रेघा. फोटोखाली लिहिलं होतं, नंबर चौदा, आत्याबाई. तारीख चालू महिन्याची सहा.

"कधी पुरलीत?" मी विचारलं.

"झालं की दीड वर्ष. पंपघराच्या मागे. या रेघा आहेत ना, त्या पंख्याच्या. कुठल्यातरी लाँचखाली आली होती तरुणपणी. मी तिला वीस वर्षं ओळखत होतो."

"मग आज अकरा तारीख. पाच दिवसांपूर्वी ही पोहत होती, असं हा फोटो म्हणतो."

त्याने कागद टेबलावर ठेवला. कागद सरळ ठेवायला त्याला तीनदा प्रयत्न करावा लागला. मग तो बाहेर गेला आणि जेटीवर जाऊन पाठमोरा बसला.

मी पडताळणी करते. डॉल्फिन मोजणारे डॉल्फिन मोजतात, आणि मी मोजणाऱ्यांना मोजते. या धंद्यात माणसं माझ्यावर प्रेम करत नाहीत आणि मीही तशी अपेक्षा ठेवत नाही. तीस वर्षांत मी चुकीच्या तारखा पाहिल्यात, एकाच जनावराला दोन नंबर दिलेले पाहिलेत, ओंडक्याचा फोटो डॉल्फिन म्हणून लावलेलाही पाहिलाय. पण मेल्यानंतर दीड वर्षाने पोहणारी डॉल्फिन माझ्या वाट्याला पहिल्यांदाच आली होती.

२

शुक्रवारी समिती बसणार होती. प्रश्न एकच होता: या खाडीतले डॉल्फिन कोणत्या वर्गात घालायचे? हे डॉल्फिन खाडी सोडून कुठे जात नाहीत, बाहेरचे इथे येत नाहीत. म्हणजे जे आहेत ते एवढेच. मोठी, पिलं देऊ शकणारी जनावरं पन्नासच्या खाली असतील तर ते अतिसंकटग्रस्त. मग मधल्या प्रवाहात चाललेला गाळउपसा बंद, खाडीच्या वरच्या भागातली मासेमारीची जाळीही बंद. पन्नास किंवा जास्त असतील तर नुसते संकटग्रस्त, आणि सगळं आहे तसं चालू.

केंद्राचा आकडा होता बावन्न.

बावन्न हा आकडा मला पहिल्या दिवसापासून खुपत होता. रेषेच्या इतका जवळ बसलेला आकडा दिसला की माझ्या मनात पाल चुकचुकते. त्याला कारणही आहे, ते सांगूनच टाकते. एकोणीस वर्षांपूर्वी एका दुसऱ्या नदीच्या मुखाशी मी अशाच एका आकड्याखाली सही केली होती. तिथले लोक चांगले होते, घाई होती, मला ताप होता, आणि मी मूळ फोटो न उघडता सही केली. "काळजीचं कारण नाही," असं लिहून. आज तिथे एकही डॉल्फिन नाही. तेव्हापासून पाणी दिसलं की मी मोजायला लागते. बादलीतल्या पाण्याकडेही मी जरा जास्त वेळ बघते, असं माझी बहीण म्हणते.

केंद्र म्हणजे पाण्याकडेच्या चार खोल्या. केंद्राचे प्रमुख डॉक्टर, जनावरांचे नव्हे, पदवीचे. वय पासष्टच्या पुढे, उंच, ताठ. त्यांनीच पस्तीस वर्षांपूर्वी इथला पहिला पर ओळखला आणि प्रत्येक जनावराला नंबराबरोबर एक नावही चिकटवलं. फोटो जुळवण्याचं काम त्यांची मुलगी करते. तिला सगळे ताई म्हणतात. तीन वर्षांपूर्वी शहरातली विमा कंपनीतली नोकरी सोडून ती वडिलांकडे आली. आणि होडीवाला, ज्याच्या होडीतून रोज सकाळी डॉक्टर फेरीला जातात. चौथा माणूस केंद्राचा नव्हता, पण रोज अकराच्या चहाला हजर असायचा: बंदराचा इंजिनियर. गाळउपसा त्याचा.

केंद्र इतकं नीटनेटकं होतं की मला आधी कौतुक वाटलं. प्रत्येक कपाटावर गोल अक्षरातली चिठ्ठी. "चष्मा, वरचा खण." "होडीची चावी, दारामागे." भिंतीवरच्या पाटीवर रोज सकाळी ताई वार आणि तारीख लिहायची. इतकी शिस्त मी मोठमोठ्या संस्थांमध्ये पाहिली नव्हती.

डॉक्टरांबद्दल मात्र माझं मत पहिल्या दिवशीच बिघडलं होतं. सोमवारी दुपारी त्यांनी माझं स्वागत केलं, "प्रवास कसा झाला, बाई?" विचारलं. मंगळवारी सकाळी जेटीवर पुन्हा हात जोडले आणि पुन्हा तेच, "प्रवास कसा झाला, बाई?" मी कोण हे लक्षात ठेवण्याइतकी मी महत्त्वाची नाही, हे सांगायची पद्धत असते काही मोठ्या लोकांची. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "कालच्यासारखाच."

आता त्याच मंगळवारी, होडीवाला बाहेर गेल्यावर, मी ताईसमोर बसले. चाळिशीची, बारीक, डोळ्यांखाली काळं.

"मृत्यूंची नोंदवही दाखवा."

तिने दिली. मी पानं मोजली. माझी ती सवयच आहे. पान तेवीसनंतर पान सत्तावीस होतं, आणि मधल्या तिन्ही पानांची कड शिवणीपाशी ब्लेडने सरळ कापलेली होती.

"ही तीन पानं?"

"भिजली होती," ताई म्हणाली. "काढून टाकली."

"पलीकडचं पान कोरडं कसं राहिलं?"

तिने कानामागे केस सारले. "चहा मागवू का, मॅडम?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता उठून गेली.

३

इंजिनियर मला स्वतःहूनच भेटला. अशा माणसांना संशय कुठे जाणार हे आधीच कळतं.

"मॅडम, तुम्हाला वाटत असेल मीच काहीतरी कारस्थान केलंय," तो हसत म्हणाला. "बावन्न असले तर माझं काम चालू राहतं, हे खरंय. लपवत नाही. पण मला तर सगळे मासे सारखेच दिसतात."

"ते मासे नाहीत."

"बघा, हेही मला माहीत नाही."

"मग रोज चहाला का येता?"

"डॉक्टरांसाठी. माझे वडील असेच... उंच होते." वाक्य दुसरीकडे जात होतं आणि त्याने ते मध्येच वळवलं, हे मला जाणवलं. पण मी त्या वेळी गाळउपशाचा विचार करत होते. "माझं उपसायचं जहाज गेल्या तीन महिन्यांपासून पूर्वेच्या काठाला नांगरलेलं आहे, तेवढाच मी या केंद्राला त्रास दिलाय," तो म्हणाला. "होडीला पश्चिमेच्या काठाने जावं लागतं. होडीवाला अजून मला शिव्या देतो."

ते मी वहीत लिहून घेतलं. का, ते तेव्हा कळत नव्हतं.

होडीवाला अजून जेटीवरच होता. मी म्हटलं, "जागा दाखवा."

तो मला पंपघराच्या मागे घेऊन गेला. तिथे गवत वाढलेलं, ओल आलेली भिंत, पंपाची घरघर. गवतात एक पांढरा दगड होता. त्याच्या शेजारी दुसरा. आणि पलीकडे तिसरा, बाकीच्यांहून स्वच्छ.

"तीन?" मी विचारलं.

"आत्याबाई पहिली. मग नऊ महिन्यांपूर्वी कंगवा, तेवीस नंबर. चार महिन्यांपूर्वी मुकादम, एकतीस. तिघंही जाळ्यात अडकून. माझ्याच भावकीच्या जाळ्यात, मॅडम, तेही सांगून टाकतो. ताईंनी प्रत्येक वेळी नोंद केली, माझा अंगठा घेतला कागदावर."

"डॉक्टरांना माहीत होतं?"

"साहेब इथेच उभे होते. आत्याबाईच्या वेळी त्यांनी स्वतः पहिली माती टाकली."

म्हणजे डॉक्टरांना माहीत होतं. मी झरझर डॉक्टरांच्या रोजच्या फेरीच्या डायरीचं पान आठवलं. सहा तारखेला डॉक्टरांच्या ठसठशीत अक्षरात नोंद होती: "चौदा दिसली. एकटी. तब्येत उत्तम."

"सहा तारखेला होडीत कोण होतं?"

"साहेब आणि मी."

"आणि आत्याबाई दिसली?"

होडीवाल्याने दगडाकडे पाहिलं. मग पाण्याकडे.

"साहेबांना दिसते," तो हळूच म्हणाला. "रोज दिसते. ते बोट करून दाखवतात. मी बघतो तेव्हा तिथे नुसतं पाणी असतं. मी आता बघतच नाही, मॅडम. एखाद्या दिवशी मलाही दिसली तर?"

४

बुधवारी सकाळी मी डॉक्टरांच्या खोलीत गेले ते त्यांचं पितळ उघडं पाडायचं ठरवूनच. स्वतःच्या हाताने पुरलेलं जनावर जो माणूस "तब्येत उत्तम" म्हणून लिहितो, तो एकतर भुताटकीवर विश्वास ठेवतो किंवा समोरच्याला मूर्ख समजतो. मी दुसरंच धरून चालले होते. कारणही मला सापडलं होतं: दारावर पितळी पाटी होती, "डॉल्फिन वाचवणारी खाडी." पस्तीस वर्षं ज्याने वाचवले, त्याच्याच हयातीत ते मरताहेत हे त्याला कसं सोसणार?

"या, या," ते म्हणाले. "प्रवास कसा झाला, बाई?"

मी आत्याबाईचा फोटो कागदावर छापून आणला होता, तो त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी चष्मा शोधला. वरच्या खणात होता. फोटोकडे दोन क्षण पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. तो चेहरा चोरी पकडली गेलेल्या माणसाचा नव्हता. पस्तीस वर्षं एकच काम केलेल्या माणसाला कोणी त्याच कामात फसवायला आलं की जो होतो, तो होता.

"हा कोणी काढला?"

"तुमच्या केंद्राचा आहे. सहा तारखेचा."

"फोटो उलटा आहे," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे?"

"आरशात बघावा तसा. पराच्या खाचा दोन्ही बाजूंनी सारख्याच दिसतात, बाई. वहीचं पान फाटलं की त्याची कड पुढून बघा नाहीतर मागून, ती एकच. पण अंगावरचे वण एकाच बाजूला असतात. आत्याबाईला पंखा लागला तो उजवीकडून. या फोटोत तिची डावी कूस दिसते आणि रेघा तिच्यावर आहेत. तिची डावी बाजू कोरी आहे. ती बघा!"

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. सोमवारपासून तो फ्रेम केलेला फोटो माझ्या डोक्यावर होता आणि मी मान वर केली नव्हती. आत्याबाई, डाव्या बाजूने, त्याच दोन खाचा, आणि पराच्या खाली गुळगुळीत राखाडी अंग. एकही रेघ नाही.

"कोणी केलं हे?" डॉक्टर उभे राहिले. त्यांचा आवाज चढला. "माझ्या केंद्रात? कोणी जुना फोटो उलटवून नवा म्हणून घातला? मला नाव हवंय, बाई! तुम्ही पडताळणीवाल्या ना? मग शोधा!"

मी चाटच पडले. ज्याला मी चोर ठरवून आले होते, त्यानेच चोरी पकडून माझ्या हातात दिली होती. मी कागद गोळा करायला लागले. ते खिडकीपाशी गेले, पाण्याकडे बघत उभे राहिले. चार-पाच मिनिटं गेली असतील. मग ते वळले. राग कुठल्या कुठे गेला होता. हसून त्यांनी हात जोडले.

"अरे वा, या, या. प्रवास कसा झाला, बाई?"

५

मी बाहेर व्हरांड्यात येऊन बसले. मला रडू येत होतं आणि स्वतःचा संताप येत होता. चिठ्ठ्या, वाराची पाटी, इंजिनियरचं मध्येच वळवलेलं वाक्य. माणसाची आठवण जात होती आणि मी तीन दिवस त्याला गर्विष्ठ म्हणत होते.

मग मी माझं काम केलं. दुपारभर बसून या मोजणीतले सगळे फोटो जुन्या फोटोंशी लावून पाहिले, पण पर सोडून. नुसती अंगं. बावन्नपैकी एकोणपन्नास खरे निघाले. तीन उलटे होते: चौदा, तेवीस, एकतीस.

ताईला आणि होडीवाल्याला मी व्हरांड्यातच बोलावलं. डॉक्टर आत झोपले होते.

"होडी आधी पूर्वेच्या काठाने जायची," मी म्हटलं. "डॉल्फिन भरतीबरोबर मधल्या प्रवाहातून वर उत्तरेला जातात, होडीही वर जाते, म्हणून, भिंतीवरचा तो फ्रेममधला सोडला तर, सगळ्या जुन्या फोटोंत त्यांची उजवी बाजू आहे. तीन महिन्यांपूर्वी उपशाचं जहाज आडवं आलं आणि होडी पश्चिमेने जायला लागली. तेव्हापासून सगळे फोटो डावे. मेलेल्या तिघांचे उजवेच फोटो होते, म्हणून ते उलटवावे लागले. हे करणाऱ्या माणसाला खाचा पाठ आहेत, म्हणजे तो इंजिनियर नाही. पण त्याला अंगावरचे वण माहीत नाहीत. जो एकदा जरी होडीत बसला असता, त्याच्या लक्षात आलं असतं की पंख्याच्या रेघा चुकीच्या कुशीवर गेल्या. डॉक्टरांना एका नजरेत कळलं. होडीवाल्यांना विचारा."

होडीवाल्याने मान खाली घातली. "काल बघताना काहीतरी चुकतंय असं वाटलं होतं," तो पुटपुटला. "पण मेलेलीच दिसली म्हटल्यावर बाकीचं सुचेना."

"संगणकाला फक्त पराची कड दाखवतात," मी ताईला म्हटलं. "तुम्हीही फक्त कडच बघता. तुम्ही कधी होडीत बसलात?"

"मला पाणी सोसत नाही," ताई म्हणाली. "जेटीवर उभं राहिलं तरी गरगरतं."

मग ती बोलायला लागली ती थांबेचना.

"आत्याबाई गेली तेव्हा बाबा खूप रडले. ठीकय, रडायलाच हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि विचारलं, आत्याबाई दिसली का? मी सांगितलं, बाबा, ती गेली. ते पुन्हा रडले. पहिल्यांदाच ऐकल्यासारखे. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मॅडम, नऊ दिवस मी रोज सकाळी सांगितलं आणि नऊ दिवस ती रोज नव्याने मेली. दहाव्या दिवशी त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, दिसेल आज. ते हसले. होडीत बसले. परत येऊन लिहिलं, दिसली."

"आणि वहीची पानं?"

"ते वही वाचतात. एकदा वाचली आणि पुन्हा तेच. म्हणून कापली. जाळली नाहीत, माझ्याकडे आहेत." तिने डोळे पुसले. "मग समितीचं पत्र आलं. डायरीत चौदा नंबर आहे, फोटो का नाही? मी काय लिहिणार होते? प्रमुखांना मेलेली जनावरं दिसतात? दुसऱ्याच दिवशी त्यांना इथून काढलं असतं. रोजची होडी गेली तर काय उरेल त्यांचं? मी एक फोटो उलटवला. मग दुसरा."

"आणि त्या तीन फोटोंनी एकोणपन्नासचे बावन्न झाले," मी म्हटलं. "उरलेले एकोणपन्नास त्यामुळे जाळ्यांत राहतील."

"मी तसा विचारच केला नाही. खरं सांगते. मी फक्त बाबांचा विचार केला."

मला तिचं खरं वाटलं. आणि तिची कीव करत बसले तर काय होतं, तेही मला एकोणीस वर्षांपासून माहीत होतं.

"मी सगळं लिहिणार आहे," मी म्हटलं.

"लिहा," ताई म्हणाली. "फक्त दुरुस्तीवर प्रमुखांची सही लागते, मॅडम. त्यांना कोण सांगणार?"

६

गुरुवारी सकाळी मी, ताई आणि होडीवाला डॉक्टरांच्या खोलीत गेलो. पाटीवर ताईने तारीख लिहिली होती. मी म्हटलं मी सांगते. ताई म्हणाली, नाही, हे माझं.

तिने कापलेली तीन पानं वडिलांपुढे ठेवली. तिचंच गोल अक्षर, खाली होडीवाल्याचा अंगठा.

डॉक्टरांनी पहिलं पान वाचलं. पुन्हा वाचलं. "आत्याबाई?" ते म्हणाले. ताईने मान हलवली. त्यांनी चष्मा काढला आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं. पुन्हा एकदा, नव्याने. तिथून उठून जावंसं वाटत असूनही मी बसून राहिले, कारण एकोणीस वर्षांपूर्वी मी असंच काहीतरी बघायचं टाळलं होतं.

"कंगवापण?" दुसरं पान. "मुकादम? तो तर काल..." ते थांबले. त्यांनी मुलीकडे पाहिलं, चिठ्ठ्यांकडे पाहिलं, पाटीवरच्या तारखेकडे पाहिलं. त्या क्षणी त्यांना सगळं कळलं असावं. स्वतःबद्दलही. "हे मी आधी ऐकलंय का ग?"

"हो, बाबा."

"आणि विसरलो."

"हो."

"म्हणजे पुन्हा विसरेन." त्यांनी पेन उचललं. "मग विसरायच्या आत करून टाकू."

तीन नंबर त्यांनी स्वतःच्या हाताने खोडले, एकेका नंबरावर एकेक सरळ रेघ. बेरीज केली. एकोणपन्नास. खाली सही केली, तीच ठसठशीत. मग कागद माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, "बाई, उरलेल्यांना सांभाळा." मीही सही केली. या वेळी प्रत्येक फोटो उघडून पाहिलेला होता.

अहवालात मी काहीच गाळलं नाही. फोटो कोणी उलटवले, का उलटवले, पानं कुठे होती. ताईने राजीनामा मीच सांगायच्या आधी लिहून ठेवला होता. शुक्रवारी समितीने वर्ग बदलला: अतिसंकटग्रस्त. उपशाचं जहाज महिन्याभरात हलणार होतं. इंजिनियर त्या दिवशीही अकराच्या चहाला आला. "माझे वडील मला माझ्याच नावाने हाक मारायचे नाहीत शेवटी," एवढंच तो म्हणाला, आणि डॉक्टरांच्या शेजारी बसून त्यांनी सांगितलेली गोष्ट त्याने पहिल्यांदा ऐकत असल्यासारखी ऐकली.

होडी मात्र केंद्राची नव्हती, होडीवाल्याची होती. "साहेब रोज येतील," तो मला म्हणाला. "वही असो नसो. माझी जाळंवाली भावकी आता माझ्याशी बोलत नाही, तशी जागाही भरपूर आहे."

शनिवारी माझी गाडी दुपारची होती. सकाळी मी जेटीवर गेले. डॉक्टर आधीच बसले होते. मला बघून उठले, हात जोडले.

"प्रवास कसा झाला, बाई?"

"छान झाला," मी म्हटलं.

"चला ना. आज आत्याबाई दिसेल बघा. तिचा नियम चुकत नाही."

मी होडीत बसले. पाणी शांत होतं, राखाडी. मी सवयीने मोजायला लागले. चार दिसल्या, मग एक पिलू, मग आणखी दोन. पूर्वेला उपशाचं जहाज थांबलेलं होतं. होडीवाल्याने इंजिन बंद केलं.

"ती बघा!" डॉक्टरांनी बोट केलं. त्यांचा चेहरा उजळला होता. "चौदा नंबर! दिसली?"

मी त्या बोटाच्या दिशेने पाहिलं. होडीवाल्यानेही पाहिलं, बहुतेक दीड वर्षात पहिल्यांदा. तिथे पाणी होतं. आणखी थोडं पाणी, त्याच्यापलीकडे काठ.

तीस वर्षांत मी न पाहिलेलं जनावर कधी पाहिलं म्हणाले नव्हते. माझी वही पिशवीत होती, पिशवी जेटीवर राहिली होती.

"दिसली," मी म्हटलं. "तब्येत उत्तम आहे."